आक्का, प्लग बदलले

आक्का, गाडीचे प्लग बदलले. तिन्ही. हे तुला सगळ्यात आधी सांगते, कारण आपलं शेवटचं बोलणं त्यावरच अडलं होतं आणि अर्धवट राहिलेलं काम मला बोचत राहतं, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं सावकाश सांगते. सध्या माझं सगळंच सावकाश चाललंय.

तू गेल्यापासून मी नुसत्या याद्या करते आहे. दहाव्याला कोणाला कळवायचं, तेराव्याला किती पानं, तुझ्या साड्या कोणाकडे, पेन्शनच्या ऑफिसात कोणते कागद. एकेका ओळीवर काट मारायची आणि खाली दोन नव्या लिहायच्या. लोक म्हणतात, सुमन किती खंबीर. खंबीर कसली गं. दमले आहे. यादी हातात असली की कोणी जवळ येऊन पाठीवर हात ठेवत नाही, एवढाच तिचा उपयोग.

दहाव्याला आपले एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शरीर म्हणजे तरी काय, गाडीच की. पार्ट झिजतात, एक दिवस बंद पडते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला सांगावंसं वाटलं, काका, गाडीला सुटे भाग मिळतात. कोणता भाग कधी बदलायचा ते पुस्तकात छापलेलं असतं. पण पातेली मोजून परत द्यायची होती, म्हणून मी उठले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर आम्ही चौघं बसलो होतो. मी, तुझा निलेश, त्याची बायको आणि दाजी. निलेशने सगळं ठरवून आणलं होतं. दाजींना पुण्याला न्यायचं. बियाण्यांचं दुकान या हंगामानंतर बंद. गाडी विकायची, कारण दाजी चालवत नाहीत आणि पुण्यात निलेशकडे दोन गाड्या आहेतच. पोरगा वाईट बोलत नव्हता, आक्का. "मावशी, ते एकटे कसे राहतील? त्यांना साधा कुकर लावता येत नाही," असं म्हणताना त्याचा आवाज फुटला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडीचं तू बघशील ना? सिन्नरचे एक जण बघायला येणार आहेत. तुझ्याइतकं नीट कोण करणार?"

मी यादीत लिहिलं. गाडी.

दाजी भिंतीला टेकून बसले होते. निलेशने विचारलं, "बाबा, चालेल ना?" ते म्हणाले, "तुम्ही ठरवलंय ना? मग झालं." आणि उठून दुकान उघडायला गेले. आम्ही सगळे त्याला होकार समजलो. इतकी वर्षं तूच त्यांच्या वतीने बोलायचीस. "ह्यांना नाय आवडत," "ह्यांना चालतंय." त्यामुळे त्यांचा नकार कसा दिसतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी मी एकटीने नाशिकला माझ्या घरी आणली. देवळ्यातून निघाले तेव्हा लोण्यासारखी चालत होती. भावडबारीचा चढ लागला, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर होता, त्याला मागे टाकायला मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी अडखळली. उचकी लागल्यासारखी. समोर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी पाय सैल केला, ट्रॅक्टरच्या मागे मुकाट राहिले, तर दिवा विझला. पुन्हा दाबला, पुन्हा उचकी. मी मोठ्याने म्हणाले, "बघ! सांगत होते की नाही?" आणि शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे माझी पर्स होती.

आपलं हे भांडण गाडी घेतली त्या दिवसापासूनचं. मी म्हणत होते, साधं इंजिन घे. तू शोरूममध्ये त्या पोराच्या तोंडून 'टर्बो' ऐकलंस आणि तुझे डोळे चमकले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, आणि विचारते काय, तर "घाटात ओढते का?" घेतलीसच. मग मी घरी येऊन गाडीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि तुझ्या वतीने देखभालीचा तक्ता केला. तेल कधी, फिल्टर कधी, प्लग कधी. सिन्नरच्या कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळते, दुसरं काय सुचणार? तू तो तक्ता स्वयंपाकघरात लावलास आणि पाहुण्यांना दाखवून म्हणायचीस, "ही आमची यादीबाई. देव भेटला तरी आधी पावती मागंल."

प्लगपुढे मी साठ हजार किलोमीटर लिहिलं होतं. तोवर हात लावायचा नाही. आणि तू काय करत होतीस? दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून आदल्या दिवशी बॉनेट उघडून, प्लगला वीज देणारी कॉइल काढून, प्लग बाहेर काढून त्यांना पॉलिश पेपर मारत होतीस! मी फोनवर अक्षरशः किंचाळले होते.

"अगं, अण्णा नाही का मारायचे? प्लग चकचकीत, गाडी खूश."

"अण्णांची स्कूटर होती, आक्का!"

"मग? ठिणगी ती ठिणगीच ना."

अण्णांची स्कूटर आठवते की. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, तू पान्याने प्लग काढायचीस, मी पॉलिश पेपरचे चौकोन कापून द्यायचे. काळाकुट्ट प्लग घासून घासून पितळेच्या भांड्यासारखा व्हायचा. टोकाशी ठिणगीची फट बरोबर आहे का ते अण्णा पोस्टकार्डाचा तुकडा घालून बघायचे. मग एक किक, आणि अण्णा म्हणायचे, "शाब्बास माझ्या मेकॅनिक." ते तुला, थोरल्या लेकीला, म्हणायचे. मी कागद गोळा करत असायचे.

पण ही गाडी वेगळी, हे मी तुला किती वेळा सांगितलं. यात पेट्रोल आधी हवेत मिसळून येत नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारतं. वरून टर्बो हवा कोंबतो. आत दाब जास्त, उष्णता जास्त. अशा ठिकाणी ठिणगी पाडायची म्हणून प्लगच्या टोकाला पेन्सिलच्या शिशापेक्षा बारीक, महागड्या धातूचा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजेच प्लग. तू त्यालाच घासत होतीस. शिवाय टोक झिजून फट हळूहळू वाढते, ती रोज चालवणाऱ्याला कळत नाही. सपाट रस्त्यावर गाडी गोड चालते. चढावर, भार पडला की आतला दाब वाढतो आणि ठिणगीला ती वाढलेली फट ओलांडता येत नाही. मग उचक्या. त्याकडे दुर्लक्ष केलं की कॉइल जाते, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमधली महागडी जाळी खराब करतं.

तू सगळं ऐकून घ्यायचीस. शाळेतल्या पालकांचं ऐकायचीस तशी. आणि म्हणायचीस, "तक्रार केली का गाडीनं? नाय ना? मग जी तक्रार करत नाय, तिला कशाला छळायचं?"

तुझं खरं रूप मात्र गेल्या संक्रांतीला दिसलं. माझ्याकडे आलीस, तिळगूळ तोंडात टाकलास आणि पिशवीतून गाडीचं पुस्तक काढून माझ्यासमोर आपटलंस. एका पानावर खाली बारीक अक्षरं होती, त्याखाली लाल पेनाने रेघ. धुळीचे रस्ते, सतत थांबत-चालत जाणं, जवळच्या फेऱ्या, असा खडतर वापर असेल तर प्लग चाळीस हजाराला बदला.

"वाच," म्हणालीस. "मोठ्यानं वाच. धूळ. देवळ्यात धूळ नाय? थांबत-चालत. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरच्या रांगेत कोण उभं असतं, तुझी यादी का मी? साठ हजार लिहून बसली!"

"बरं, तुझं बरोबर. मग गाडी पन्नासच्या पुढे गेलीये. म्हणजे कधीच बदलायला हवे होते."

"हो."

"मग बदल की आता!"

"आता कशाला? चालतीये ना."

वाद जिंकलीस आणि प्लग बदलले नाहीस. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझा नवरा हसून हसून आडवा झाला होता.

त्यानंतर दर फोनला तेच. उन्हाळ कांदा निघू दे मग, पाहुणे जाऊ देत मग. शेवटचा फोन मीच केला होता. म्हणाले, "शनिवारी गाडी घेऊन ये, मी गॅरेजवाल्याला सांगून ठेवते." तू म्हणालीस, "बघू." आणि मग तुला दुधाची भांडी घासायची होती. एवढंच. मोठं काही बोललो नाही. पुष्कळ रात्री मी ते 'बघू' उलटून पालटून पाहिलं, त्यात काही वेगळं होतं का, थकवा होता का. काही नव्हतं. नेहमीचं, टाळायचं 'बघू' होतं. ते तसंच होतं याचं मला आता बरं वाटतं. आपण निरोपाचं काही बोललो नाही, कारण आपल्याला वेळच वेळ होता.

तर गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. रफिकभाईंना सांगितलं, चढावर अडखळते, दिवा लुकलुकतो. ते म्हणाले, "ताई, बैठो. इंजिन थंड होऊ दे, गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात." ते मला माहीत होतं, पण मी बसले. बसायला मिळालं हेच पुष्कळ होतं. समोर एकाच्या गाडीची बॅटरी चार्ज होत होती, रेडिओवर कुठलं तरी जुनं गाणं. कोणी काही विचारत नव्हतं. मला वाटतं मी थोडा वेळ डोळे मिटले.

रफिकभाईंनी तीन प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. मग एक उचलून उजेडात धरला.

"अरे, इसको पॉलिश पेपर किसने मारा?"

"माझ्या बहिणीने."

"बहोत मन लावून मारलाय." ते हसले. "टोक राहिलंच नाही. सांगा त्यांना, हे स्कूटरचं नाही."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. तू गेलीस हे त्यांना सांगायला हवं होतं, पण तेवढं एक वाक्य मला त्या दिवशी उचलवलं नाही. तुझ्या हाताच्या बारीक रेघा त्या धातूवर होत्या, आक्का. सगळ्या एकाच दिशेने. अण्णांनी शिकवल्या तशा.

मग रफिकभाईंनी विचारलं, "गाडी ठेवायची की विकायची?"

"विकायची."

"मग साधे टाकतो. पंधरा-एक हजार किलोमीटर आरामात जातील, घाट चढेल, दिवा लागणार नाही. पुढचं पुढचा बघेल. ठेवायची असेल तर कंपनीत येतात तसलेच भारी टाका. तिप्पट पडतील."

प्रश्न सरळ होता. माझ्या यादीत उत्तरही होतं. विकायची म्हणजे साधे. पण मला 'साधे' म्हणता येईना. घेणाऱ्याला फसवल्यासारखं होईल म्हणून, असं मी आधी स्वतःला सांगितलं. ते कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. गाडी कागदावर तुझी, म्हणजे आता दाजींची. त्यांना विचारायला हवं. मी त्यांना दुकानात फोन लावला. सांगते, आक्का, तू गेल्यापासून दाजींना कोणी तरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली, अशी ती पहिलीच वेळ असावी. मी काही मोठा विचार करून केलं नाही. मला फक्त एक ओळ पुरी करायची होती.

"दाजी, प्लग टाकायचेत. साधे टाकू का भारीचे?"

"मला काय कळतंय ताई त्यातलं? ते डिपार्टमेंट तुमच्या आक्काचं." मागे दुकानात कोणी तरी कांद्याच्या बियाण्याचा भाव विचारत होतं. "थांब रे बाबा जरा," दाजी त्याला म्हणाले. मग मला, "साधे किती चालतात?"

"पंधरा हजार किलोमीटर."

"आन भारीचे?"

"पुस्तकात साठ लिहिलंय. आपल्या रस्त्यांना चाळीस धरा."

"चाळीस." मग ते मोठ्याने हिशेब करायला लागले. "चाळीस म्हंजी... देवळ्याहून सटाणा, कधी लासलगाव, महिन्याकाठी एकदा तुमच्याकडं नाशिकला. किती वर्सं होतील, ताई?"

"किती चालवाल त्यावर आहे."

"मी?"

"मग कोण?"

"पुण्यात लय गर्दी हाय," दाजी म्हणाले. "तिथं मला कोण चालवू देईल. भारीचे टाका."

मी रफिकभाईंना सांगितलं. त्यांनी नवे प्लग हाताने अलगद बसवले, मग मापाच्या पान्याने कटकट आवाज येईपर्यंत आवळले. मी यादी काढली. 'गाडी' या ओळीवर काट मारायला पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले.

निलेशशी झालेलं बोलणं तुला सगळं सांगत नाही. "मावशी, तुला एक काम सांगितलं होतं," इथून ते सुरू झालं आणि "तुम्हाला सगळ्यांना हे सोपं वाटतं, रात्री-अपरात्री फोन मला येणार आहे," इथपर्यंत गेलं. त्याचंही खरं आहे. आई गेली त्याची, आणि त्याला वडील नजरेसमोर हवेत. मी त्याला एवढंच म्हणाले, "मी त्यांची बाजू घेत नाहीये. मी त्यांना फक्त विचारलं. तूही विचार." दोन दिवस त्याचा फोन नव्हता. मग आला. "विचारलं," म्हणाला. "इतकं बोलतात बाबा, मला माहीतच नव्हतं." शेवटी असं ठरलं: दाजींनी देवळ्यातच राहून गाडी शिकायची, पण डॉक्टरांनी हो म्हणायला हवं, डोळे तपासायचे, शिकाऊ लायसन्स रीतसर काढायचं, आणि दिवाळीपर्यंत जमलं नाही तर पुणे. सिन्नरच्या गृहस्थांना मी फोन करून माफी मागितली. ते थोडे चिडले. चिडणारच.

डॉक्टरांनी हो म्हटलं, शिकाऊ लायसन्सही मिळालं. दाजींचे डोळे चांगले आहेत. रक्तदाब आहे, तर तो मलाही आहे. कुकरचं म्हणशील तर शेजारची मंदा दोन दिवस शिकवून गेली. पहिल्या दिवशी शिट्टी न लावताच ठेवला होता, असं तिने मला खिदळत सांगितलं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, याचा मी खूप विचार केला. ह्या वयात ह्यांना शिकवते, वेड लागलंय का सुमे, म्हणाली असतीस? की मला बाजूला सारून स्वतःच शिकवायला बसली असतीस? मला खरंच कळत नाही. इतक्या वर्षांत तू त्यांना कधी चालवायला दिली नाहीस. त्यांनी मागितली नाही म्हणून, की तुला द्यायची नव्हती म्हणून? हे विचारायचं राहिलं. राग नको मानू. तुझ्याबद्दल असे प्रश्न आता पडतात, तू होतीस तेव्हा तुझ्या आवाजापुढे सुचायचे नाहीत.

अमावास्येला मी रजा टाकून देवळ्याला गेले. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद, म्हणजे बाजार समितीचं आवार मोकळं. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मंदा म्हणाली, "अवं, अमावास्येला कोन सुरुवात करतं का?" दाजी म्हणाले, "मग पुनवेला ट्रॅक्टर काय तू हलवणार?" आणि गाडीत बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आवारात वाऱ्याने कांद्याची सालं नुसती उडत होती. फाटकावरचा वॉचमन खुर्ची घेऊन बघायलाच बसला. "शेठ, आज लिलाव बंद हाय, तुमचा चालू झाला वाटतं!" दाजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जसं काही ते कोणी हिसकावून नेणार आहे. मी सांगितलं, क्लच दाबा, पहिला गिअर, आता हळूहळू सोडा. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

दाजी माझ्याकडे वळले. चेहरा उतरला होता. "प्लग गेला का?"

"नाही दाजी. क्लच लवकर सोडलात."

पुन्हा केलं, पुन्हा बंद. पुन्हा. वॉचमन आता उभा राहून हातवारे करून सूचना देत होता. दाजींच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "ताई, हे तुमच्या आक्काला सांगू नका हां. वर्षभर हसत बसंल."

"नाही सांगत," मी म्हणाले. समोरच्या काचेवर कांद्याचं एक साल येऊन चिकटलं होतं, ते आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, क्लच दाबला आणि चावी फिरवली.

मी त्यांना 'नाही सांगत' असं म्हणाले होते. पण तुझ्यापासून काही लपवायची मला सवय नाही, आणि हे ऐकून तुझ्याइतकं खूश होईल असं दुसरं माणूस नाही. म्हणून सांगितलं. हस पोटभर. आणि हेही ऐक, त्यानंतर गाडी निघाली. आवाराला पूर्ण एक फेरी मारली, पहिल्याच गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, आणि वॉचमनने टाळ्या वाजवल्या.